काट्याची खिडकी: गुळाच्या अडतीतल्या मशीनच्या प्रकल्प नोंदी

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

कालच्या विसर्जन मिरवणुकीचे ढोल अजून कानात आहेत. अर्धं कोल्हापूर झोपलेलं असताना मार्केट यार्डात जाऊन मशीन, म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर, बघून आले.

दुकान गुळाच्या अडतीचं. पाडव्याला, २ नोव्हेंबरला, नव्या हंगामाचे सौदे निघणार. त्याआधी "सारखं सारखं बंद पडतंय ते थांबवा" एवढीच मालकांची मागणी. हातात साडेसहा आठवडे.

मशीनवर चारच कामं चालतात आणि चारही अक्षरांतली, काळ्या पडद्यावरची. पहिलं काटा वाचणारं: इलेक्ट्रॉनिक काट्याच्या सिरीयल केबलमधून वजनं घेतं. दुसरा पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाच्या कागदाचा, फॉर्म; त्यावर दिवाणजी बसतात. तिसरं छपाईची रांग बघणारं. चौथं दर तासाला वरच्या मजल्यावरच्या मशीनवर नक्कल टाकणारं. चारही मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलेली, त्यामुळं शिव्या द्यायला दुसरं कुणी नाही.

प्रोग्राम चांगले आहेत, बिघाड खिडक्यांत आहे. चार टर्मिनल, म्हणजे अक्षरांच्या प्रोग्रामच्या खिडक्या, एकमेकांवर चढलेली. दिवाणजींना फॉर्म सापडत नाही म्हणून ते वरची खिडकी फुली मारून बंद करतात, आणि ती नेमकी काट्याची असते. मग काट्यावरचा पोऱ्या आत ओरडतो, "वजन यायचं थांबलं ओ!"

२० सप्टेंबर, शुक्रवार

डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं टाकली. खिडक्यांसाठी आय थ्री, आतल्या प्रोग्रामसाठी टीमक्स. मशीनचा प्रोसेसरही कोअर आय थ्रीच, त्यामुळं मालकांना फोनवर समजावताना दहा मिनिटं गेली. "ते तर आधीपासूनच हाय की मशीनमधी!" या आय थ्रीचा त्या आय थ्रीशी काही संबंध नाही. हा मिखाएल श्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेला खिडकी-व्यवस्थापक. तो खिडक्या एकमेकींवर चढू देत नाही, फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी बसवतो. त्याच्या खिडक्यांना फुली नसते, आणि मला मुख्यतः तेच हवं होतं.

बंद करायचा शॉर्टकट मात्र असतो. तो आजच काढून टाकला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

खिडकी मिटली की आतला प्रोग्राम का मरतो, हे मालकांच्या मुलानं विचारलं. पॉलिटेक्निकला आहे, म्हणून नीट सांगितलं. टर्मिनल बंद झालं की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) त्यात चालणाऱ्या प्रोग्रामला 'हँगअप' सिग्नल धाडतं. नाव मोडेमच्या काळातलं: पलीकडच्यानं फोन ठेवला. प्रोग्रामनं वेगळी सोय केली नसेल तर तो तिथंच संपतो.

टीमक्स मधोमध बसतो तो इथंच. प्रोग्रामचं टर्मिनल टीमक्सच्या सर्व्हरकडं राहतं आणि आपली खिडकी ही नुसती बघायची काच. काच फुटली तरी आतली खोली शाबूत.

'स्क्रीन' हा टीमक्ससारखंच काम करणारा प्रोग्राम का नको, हाही प्रश्न आला. तो थोरला. १९८७ चा, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांचा. दूरच्या सर्व्हरवर मी अजूनही वापरते. टीमक्स निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये सुरू केला. मला तो घ्यायचं कारण साधं: बाहेरून हुकूम देऊन त्याच्याकडून सगळं करून घेता येतं, आणि मला ते स्क्रिप्टमधून करायचं आहे. शिवाय स्क्रीनचं मुख्य बटण कंट्रोल-ए, आणि शेलमध्ये, म्हणजे हुकूम टंकायच्या जागी, ओळीच्या सुरुवातीला जायलाही तेच. माझी बोटं तिथं दर वेळी फसतात.

२९ सप्टेंबर, रविवार

पहिली मांडणी फसली.

एकच टीमक्स, एकाच पडद्यावर चार भाग. (त्या भागाला सगळे 'पेन' म्हणतात, पण पेन म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं शाईचं पेन येतं. खिडकीला असतं ते तावदान, म्हणून इथून पुढं तावदान.) माझ्या लॅपटॉपवर काय देखणं दिसत होतं! दुकानातल्या मॉनिटरवर लावलं आणि हिशेबच चुकला.

मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा. ८ बाय १६ पिक्सेलचं अक्षर घेतलं तर १७० रकाने आणि ४८ ओळी मिळतात. पण दिवाणजी पासष्टीचे, त्यांना ते अक्षर मुंगीसारखं. १४ बाय २८ केल्यावर ते म्हणाले, "आता दिसतंय." मग उरले ९७ रकाने आणि २७ ओळी. त्याचे चार भाग केले की फॉर्मला ४८ रकाने. फॉर्म लिहिलाय ८० बाय २४ वर. चौकटीबाहेर लिहायला गेला, कर्सेसनं (पडद्यावर अक्षरं मांडणारी लायब्ररी) चूक फेकली आणि तो कोसळला.

८० बाय २४ हा माझा हट्ट नव्हे. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलचं माप ते, आणि त्यातले ८० रकाने त्याही आधीचे, आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डांचे. गंमत म्हणजे दिवाणजींच्या चष्म्याला पेलणाऱ्या अक्षरात या पडद्यावर तेवढंच मावतं. आय थ्रीची खालची पट्टी आणि टीमक्सची एक ओळ वजा जाता २५ ओळी. फॉर्म पुरता बसला, वर एक ओळ शिल्लक. म्हणजे फॉर्मला पूर्ण पडदा हवा, वाटेकरी नको.

२ ऑक्टोबर, बुधवार

दुसरी मांडणी, आणि ही टिकेल असं वाटतंय.

चार कामांची चार टीमक्स सत्रं, नावं देऊन: काटा, पट्टी, छपाई, नक्कल. तावदानं एकाही सत्रात पाडायची नाहीत. प्रत्येक सत्राला एक टर्मिनल, प्रत्येक टर्मिनलला आय थ्रीचं एक दालन, म्हणजे बटणानं बदलता येणारा वेगळा पूर्ण पडदा. सत्रं मशीन सुरू होताच सिस्टीमडी (लिनक्समधली कामं सुरू करणारा प्रोग्राम) उठवतो, कुणी लॉगिन करो न करो. त्यासाठी त्या वापरकर्त्याला 'लिंगर' चालू केलं. टर्मिनल मागाहून येऊन जोडून घेतं. ते मेलं तर छोटी स्क्रिप्ट पुन्हा उघडते आणि त्याच सत्राला जोडते.

वाटणी अशी: जे मरता कामा नये ते टीमक्सकडं, जे डोळ्यापुढं यायला हवं ते आय थ्रीकडं. परवापर्यंत मी दोन्ही कामं एकाच्या गळ्यात मारत होते.

एक खोच. कुठली खिडकी कुठल्या दालनात हे मी आधी खिडकीच्या शीर्षकावरून ठरवलं होतं. आय थ्रीचा 'असाइन' नियम खिडकी उघडते त्या क्षणीच बघतो, आणि त्या क्षणी टीमक्सनं शीर्षक लावलेलंच नसतं. चारही खिडक्या पहिल्या दालनात गर्दी करून उभ्या. शेवटी टर्मिनल सुरू करतानाच त्याला वेगळं नाव दिलं आणि नियम त्यावर बेतला. दुपार गेली.

उद्या घटस्थापना. महाद्वार रोडला गाडी नेणं आता दहा दिवस विसरायचं.

७ ऑक्टोबर, सोमवार

बटणांची भांडणं.

दिवाणजींना दालनं बदलायला एफ-१ ते एफ-४ दिली. जोडबटणं नकोत, एका बोटाचं काम. संध्याकाळी फोन: "ताई, पट्टी सेव्ह हुईना, दाबलं की दुसरंच काय तरी येतंय."

अर्थात. फॉर्ममध्ये एफ-२ म्हणजे सेव्ह. बटण दाबल्यापासून फॉर्मपर्यंत त्याला चार दारं ओलांडावी लागतात: आय थ्री, टर्मिनल, टीमक्स, मग फॉर्म. पहिल्या दारावरच्यानं अडवलं की आतल्याला पत्ताही लागत नाही. फॉर्ममधलं बटण बदलणं दोन मिनिटांचं होतं, पण त्यांच्या बोटाला एफ-२ ची सवय या फॉर्मच्याही आधीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासूनची. दालनं एफ-९ ते एफ-१२ वर नेली.

याच फेरीत एस्केपचं कोडं सुटलं, आणि या आठवड्यात मला सगळ्यात जास्त आनंद त्याचा झाला. ओळ रद्द करायला एस्केप दाबलं की फॉर्म जवळपास दीड सेकंद ढिम्म. दिवाणजी अर्थातच पुन्हा दाबतात, आणि मग तीन ओळी जातात. कारण असं की बाणाची किंवा एफ-बटणं टर्मिनलमधून एस्केपनं सुरू होणाऱ्या अक्षरमालिका म्हणून येतात. नुसतं एस्केप आलं तर पुढं काही येतंय का, याची वाट बघावी लागते. या आवृत्तीत टीमक्स ५०० मिलिसेकंद थांबतो. त्यानं सोडल्यावर आतलं कर्सेस स्वतःचे १००० मिलिसेकंद थांबतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, बेरीज मात्र दीड सेकंद. केबल इथल्या इथं असताना एवढी वाट कशाला? टीमक्सला २० केलं, कर्सेसला २५. आता बोट उचलायच्या आत ओळ जाते.

९ ऑक्टोबर, बुधवार

"मशीन लटकलं."

गाडी काढून गेले. मशीन ठीक, काटा ठीक, फॉर्म मात्र गोठलेला. मालकांच्या मुलानं दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबलं होतं. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ 'थांब', आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'चल'. टेलिप्रिंटरच्या दिवसांतला हुकूम, अजून जिवंत. एका ओळीत बंद केला.

जाता जाता माऊसही बंद केला. चाक फिरलं की टीमक्स मागच्या ओळी दाखवायच्या अवस्थेत जातो आणि बटणं फॉर्मला पोचत नाहीत. तेही 'लटकलं'च दिसतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आता मराठी.

आधी फॉर्म एक्सटर्म या टर्मिनलमध्ये चालवला होता, नावं रोमनमध्ये. दिवाणजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शेतकऱ्याच्या पट्टीवर इंग्रजी नाव घालायचं न्हाई." बरोबर आहे त्यांचं. पण एक्सटर्म देवनागरी जोडत नाही. 'शिरोळ' लिहिलं की वेलांटी 'श'च्या उजवीकडं, वेगळ्या घरात जाऊन बसते. जोडाक्षरं तुटतात. फॉर्मसाठी एमएलटर्म हे दुसरं टर्मिनल घेतलं, त्यात ओपन टाइपची (फॉन्टच्या नियमांनी अक्षरं जोडणारी) मांडणी चालू केली, तेव्हा अक्षर वाचण्याजोगं झालं.

मग नवं दुखणं: रकाने सरकायला लागले. टीमक्सच्या हिशेबात प्रत्येक चिन्हाला ठरलेली घरं. व्यंजनाला एक. काना, वेलांटी यांनाही एकेक. उकार, एक मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह यांना शून्य. आमच्याकडं गल्लोगल्ली सापडणारं 'कृष्णात' घ्या. क एक, ऋकार शून्य, ष एक, हलन्त शून्य, ण एक, काना एक, त एक, एकूण पाच. वाचणाऱ्याला दिसतात तीन अक्षरं, आणि चित्र काढणारं टर्मिनल 'ष्णा' किती घरांत बसवेल ते फॉन्टवर. टीमक्स म्हणतो पुढचा रकाना पाच घरांनंतर, टर्मिनल काढतं आधीच. 'कागल'ला काही होत नाही, 'कृष्णात'ला शेजारचा रव्यांचा (गुळाच्या ढेपांचा) आकडा एका घरानं डावीकडं येतो, आणि पुसायला गेलं की मागं अर्धी मात्रा उरते.

दोन रात्री टीमक्सच्या कोडमध्ये डोकं घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सुचलं: नावाचा रकाना शेवटी टाकला तर? त्याच्या उजवीकडं सरकायला काहीच उरत नाही. आधी पट्टी क्रमांक, रवे, वजन, दर. मग गाव आणि नाव सगळ्यात शेवटी, एकाच ओघात. टीमक्सचं आणि टर्मिनलचं भांडण आहे तिथंच आहे, फक्त त्याची झळ कुणाला लागत नाही. तावदानं न पाडल्याचा इथं फायदाच झाला. उजवीकडं उभी रेघ असती तर तीही नागमोडी झाली असती.

मी याला उपाय म्हणणार नाही, पळवाट आहे. पण चालते.

१९ ऑक्टोबर, शनिवार

हौस नडली.

कल्पना अशी: काट्यावर वजन स्थिर झालं की पट्टीची खिडकी आपोआप पुढं यावी. एक्सडूटूलला (स्क्रिप्टमधून खिडक्या हलवणारा प्रोग्राम) फॉर्मचा प्रोसेस क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर, दिला आणि म्हटलं, याची खिडकी शोध. सापडेना. प्रोसेसच्या बापाचा बाप शोधत वर गेले तर वंशावळ टीमक्सच्या सर्व्हरपाशी संपते, टर्मिनलपर्यंत जातच नाही. टर्मिनलचं पोर म्हणजे टीमक्सचा जोडून घेणारा क्लायंट, फॉर्म नव्हे. ज्या तुटलेपणामुळं खिडकी मिटली तरी फॉर्म जगतो, तेच तुटलेपण इथं आडवं आलं. मग प्रोसेसचा नाद सोडून आय थ्रीलाच, टर्मिनलला दिलेल्या नावावरून, 'ही पुढं आण' सांगितलं. लगेच आली.

आणि दिवाणजी छपाईच्या दालनात कागदांची संख्या भरत असताना खिडकी बदलली, ७५ मधला ५ पट्टीच्या दरात पडला. त्यांनी तो पकडला म्हणून बरं. माझ्याकडं नुसतं बघितलं, बोलले काही नाहीत. ती स्क्रिप्ट तिथल्या तिथं पुसली. माणूस टंकत असताना त्याच्या हाताखालचा पडदा ओढायचा नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पडदा ओढायचा नाही, पण हाक तर मारता येते. काट्याच्या प्रोग्रामनं घंटा वाजवायची. टीमक्स ती टर्मिनलला देतो. काट्याचं टर्मिनल अजून एक्सटर्मच, त्याला 'घंटा म्हणजे तातडी' असं सांगून ठेवलंय. आय थ्री त्या दालनाचा आकडा खालच्या पट्टीत लाल करतो. चौघांच्या हातून गेलेला निरोप, शेवटी एक लाल चौकोन. फोकस जागचा हलत नाही.

घंटा वजनासाठी वापरायची नाही असं ठरवलं. दिवसभर लालच राहील. ती वापरायची काटा गप्प झाला तर. टीमक्समध्ये 'इतके सेकंद काही आलं नाही तर कळव' अशी सोय आहे. ३० सेकंद ठेवले, केबल उपटली, वाट बघितली. काही नाही. पुन्हा, तरी काही नाही. तासाभरानं कळलं की ही सूचना मुळात 'समोर नसलेल्या' खिडकीपुरतीच असते, आणि माझ्या प्रत्येक सत्रात एकच खिडकी असल्यानं ती सदैव समोरच. 'कुठलीही' असं बदललं. लाल झालं!

सोबत दोन किरकोळ कामं. काट्याची केबल दुसऱ्या भोकात लावली की उपकरणाचं नाव शून्यचं एक होतं, त्याला युडेव्हमधून (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारी सोय) 'काटा' हे कायमचं नाव दिलं. आणि काटा सेकंदाला पाचेक ओळी ओकतो, टीमक्स आठवणीत ठेवतो २०००. म्हणजे सात मिनिटांच्या आतच मागचं पुसलं जातं. आता फक्त स्थिर वजन छापतो आणि गप्पपणा ओळखायला दर दहा सेकंदांनी एक ठिपका.

२६ ऑक्टोबर, शनिवार

रंकाळ्यावर भेळ खाताना फोनवरून मशीन बघायची हुक्की आली. पट्टीच्या सत्राला जोडले. दोन मिनिटांत दिवाणजींचा फोन, "ताई, पडदा आकसला! भोवतीनं नुसतं ठिपकं ठिपकं." टीमक्समध्ये एकाच सत्राला दोघं जोडले की शेवटी ज्यानं हात लावला त्याच्या मापाचा पडदा होतो. माझ्या फोनच्या मापात त्यांचा फॉर्म कोंबला गेला होता. नशीब, गेल्या महिन्यात कर्सेसची ती चूक झेलायची सोय केली होती, नाहीतर कोसळलाच असता.

पुढच्या वेळी 'फक्त वाचन' ही खूण लावून जोडायचं. या आवृत्तीत तिच्यात मापाकडं दुर्लक्ष करणंही येतं. खरं तर दुकान चालू असताना जोडायचंच कशाला, हा प्रश्न घरी आईनं विचारला.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

मुद्दाम तोडफोड. टर्मिनल बाहेरून मारली: चारही परत आली, फॉर्ममध्ये अर्धवट टंकलेली ओळ तशीच. ग्राफिकल सत्र अख्खं पाडलं: काटा मागं चालूच होता, मधली वजनं नोंदलेली. काट्याचा प्रोग्राम मारला: 'मेल्यावर तावदान राहू दे' चालू असल्यानं शेवटची चूक पडद्यावर वाचता आली. मशीनची वायर उपटली: हे मालकांनी बघितलं नाही. सगळं उठायला दीड मिनिट.

दिवाणजींसाठी कागद मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरला चिकटवला. एफ-९ काटा, एफ-१० पट्टी, एफ-११ छपाई, एफ-१२ नक्कल. टीमक्स आणि आय थ्री ही नावं त्यावर नाहीत.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

सकाळी सौदे निघाले. गुलाल, पेढे, यार्डभर ताज्या गुळाचा वास. मी कोपऱ्यात स्टुलावर, लॅपटॉप मिटलेला.

सव्वा अकराच्या सुमाराला खाली एक आकडा लाल झाला. मी उठायच्या आत दिवाणजींनी मान न वळवता आत हाक दिली, "काटा लाल झाला रं, पिन बघ!" पोऱ्यानं फोन चार्जिंगला लावायला केबल काढली होती. परत लावली, यांनी एफ-९ दाबून एकदा बघितलं, एफ-१० दाबून पुन्हा पट्टीत. मधली ओळ जिथल्या तिथं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस फोन नाही. राहिलेलं: छपाईच्या दालनाची घंटा कागद संपल्यावर वाजत नाही, वरच्या मशीनवरची नक्कल एकदा उघडून तपासायची, आणि दिवाणजींना खालच्या पट्टीत तिथी हवी आहे, तारीख नको.